प्रवाशाचे ताट

लातूरकडच्या गाडीने पहाटे दादरला उतरून परळची वाट धरणाऱ्या शेतकरी जोडप्याला मुंबईत कोणी प्रवासी म्हणत नाही. प्रवासी म्हटले की गेटवेपुढे छायाचित्र काढून घेणारा आणि संध्याकाळी कुठे काय चांगले मिळते याची चौकशी करणारा हौशी माणूस डोळ्यांपुढे येतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून खाण्यापिण्याविषयी जे लिहिले जाते, ते त्याच्यासाठी. पण परळच्या एका चौरस मैलात केईएम रुग्णालय १९२६ पासून आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. शेजारी लहान मुलांचे वाडिया आहे. तिथे रोज बाहेरगावाहून येणाऱ्या माणसांचा लोंढा पाहिला, तर या शहराचा खरा प्रवासी कोण, याविषयी शंका उरू नये. तो विदर्भातून, खानदेशातून, बिहार-बंगालमधून येतो. हातात क्ष-किरणाची पिशवी असते आणि घरून बांधून आणलेल्या चपात्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कशाबशा पुरतात. त्यानंतर तो कुठे जेवतो?

जेवतो कुठे, यापेक्षा बसतो कुठे, असे विचारणे अधिक नेमके ठरेल. वडापाव कोपऱ्यावर मिळतो. पण गावाकडची बाई रस्त्यात उभी राहून चारचौघांसमोर खात नाही. ती भिंतीकडे तोंड करून, रहदारीकडे पाठ फिरवून, पदराआड दोन घास खाते आणि हात धुवायला पाणी नाही म्हणून कागदाला पुसते. रुग्णालयांतून उपाहारगृहे नाहीत असे नाही. परंतु एकदोन दिवसांसाठी आलेला माणूस आणि तीन तीन महिने फूटपाथवर पथारी टाकून राहणारा नातेवाईक यांच्या खर्चाचे गणित वेगळे असते. पहिल्याला एक वेळचे ताट परवडते. दुसरा रोजच्या ताटातून उद्याच्या औषधाचे पैसे वाचवत असतो.

हे परळ एके काळी परक्या माणसाला जेवू घालण्यात साऱ्या हिंदुस्थानात पुढे होते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेला गिरणी कामगार बहुधा एकटा असे. बायकामुले गावी आणि तो गावकीच्या खोलीत दहावीस जणांबरोबर पाळीपाळीने झोपणारा. त्याचे जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हते. चाळीतली दहा बाय बाराची खोली, तीतच संसार, तीतच चूल, आणि पहिली पाळी सुटली की पंगत बसायची. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापायची, काहींचे डबे भरून गिरणीत पोचवायची. हिशेब महिन्याचा. गावी गेला त्या दिवसांचे खाडे वजा व्हायचे आणि पगार झाला की पैसे मिळायचे. पगार होईपर्यंत बाईला वाणी उधार देई. वाण्याने हात आखडला की सावकार होताच. कामगाराच्या वेतनाच्या वाटाघाटी मालक आणि संघटना यांच्यामध्ये होत, पण त्या वेतनाला महिनाभर आगाऊ भांडवल पुरवणारी ही बाई कुठल्याच करारात नव्हती. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना तिचे काम कुठल्या रकान्यात धरायचे, हाही प्रश्नच होता.

प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना सावकाराच्या दारातून उठवले आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेले. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणाचे जे थोडे फळ खऱ्या अर्थाने तळाशी पोचले, त्यात परळ-लालबागच्या या खानावळवाल्या मोडतात. तारण काय, तर एकमेकींची हमी. पुढे 'सूक्ष्म वित्त' या नावाने जगभर ज्याचा गाजावाजा झाला, ते या चाळींतून आधीच चालू झाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा अनेक खानावळवाल्यांनी जेवणाऱ्याला लगेच ताटावरून उठवले नाही. उधारी वाढत गेली. जेवणारे एकेक करून गावाकडे परतले आणि वही तेवढी मागे राहिली. त्या संपाचे पुष्कळ इतिहास लिहिले गेले. ही बुडीत उधारी त्यांत क्वचितच आढळते.

खानावळ स्वस्त का होती, याचा विचार करताना बाईच्या कष्टाला मोल नव्हते एवढेच सांगून थांबता येत नाही. ताटाच्या किमतीत चार गोष्टी असतात : धान्य, जळण, श्रम आणि जागा. खानावळीत जागेचे भाडे जवळजवळ शून्य, कारण ती बाईची राहती खोलीच होती. मुंबईतल्या खाण्याच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या चौथ्या गोष्टीत आहे. इराण्याचे हॉटेल घ्या. रस्त्याच्या कोपऱ्यावरचा गाळा हिंदू व्यापारी अशुभ मानून घेत नसत, तो इराण्याने घेतला असे सांगतात. एका चहावर तासभर बसलेल्या बेकाराला किंवा विद्यार्थ्याला त्याने उठवले नाही, त्याचे एक कारण त्याचा स्वभाव असेल. दुसरे निश्चितच ते भाडे. कायान्यांचे हॉटेल १९०४ चे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४ चे. जागेला सोन्याचा भाव आला तसे अशी कितीतरी हॉटेले मिटली. वडापाव हा तर या नियमाचा निष्कर्षच म्हणावा लागेल. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे सांगितले जाते. चवीचे कौतुक करणाऱ्यांनी करावे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते जागेचे भाडे वजा केलेले जेवण आहे. खाणाऱ्याने खुर्ची स्वतःच्या पायांची करायची.

गिरगावची गोष्ट थोडी निराळी. तिथला परका माणूस म्हणजे कारकून, विद्यार्थी, कोर्टाच्या कामाला आलेला कोकणातला पक्षकार. लोकमान्य टिळक मुंबईत उतरत ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा अंतही तिथेच झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण सरदारगृहाच्या पायऱ्या ज्याला चढवत नसत, त्याने गिरगावातली खानावळ गाठायची आणि आत शिरण्यापूर्वी पाटी वाचायची. पाट्यांवर जात लिहिलेली असे. परगावच्या भोजनाचे गोडवे गाणाऱ्या जुन्या आठवणींत हा भाग सोयीने गळतो. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आले. ज्यांच्या पेल्याला कोणी शिवतच नव्हते, त्यांच्यावर तर ते जन्मभराचेच होते. गिरणीत विणकाम खात्याची दारे अस्पृश्य कामगाराला बंद, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. आणि गिरणीबाहेर खानावळीची दारे बंद. इराण्याच्या संगमरवरी मेजावर जात विचारली जात नसे. त्या मेजाचे मोल चहाच्या पैशांत मोजता येणार नाही.

हे कोंडाळे फोडण्याचे प्रयत्नही खाण्यातूनच झाले. रत्नागिरीत १९३३ साली सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह काढले, त्याचे श्रेय त्यांच्या राजकारणाशी उभा दावा असलेल्यांनीही त्यांना द्यावे. मुंबईत १९४० च्या दशकात 'निर्भीड'कार समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणकाभाकर सत्यनारायण घातले. पूजेला अस्पृश्य दांपत्य आणि प्रसादाला सर्व जातींची एकच पंगत. पुढे राज्यघटनेने अनुच्छेद १५ मध्ये सार्वजनिक उपाहारगृहांत जाण्याच्या आड जात-धर्म येऊ नये असे लिहिले आणि १९५५ च्या कायद्याने आडकाठी करणाऱ्याला शिक्षा सांगितली. दार उघडले हे खरे. मात्र दार उघडे असणे आणि आत बसण्याइतके पैसे खिशात असणे यांतले अंतर घटनेने भरून काढलेले नाही.

ते अंतर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत किती वाढले, हे गिरण्यांच्या जमिनींवरून फिरताना दिसते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी सांगितली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती दुरुस्ती उचलून धरली. जिथे भोंगा वाजताच पंगती उठत-बसत, तिथे आता मॉल आहेत, गच्चीवरची मद्यगृहे आहेत. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातील अशाच उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे गेली. तेव्हा परवाने, गच्च्या, जिने यांची चर्चा झाली आणि ती आवश्यकच होती. एवढ्या विस्तीर्ण जमिनीवर समोरच्या रुग्णालयातल्या नातेवाइकाला बसून जेवता येईल असा एक कोपरा का राखला गेला नाही, हा प्रश्न मात्र कोणी काढला नाही.

उलट जो थोडाबहुत आधार होता, त्यावरही घाला आला. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेल्यानंतर फेरीवाल्यांविरुद्ध मोहीम निघाली. १ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात उच्च न्यायालयाने स्थानकांपासून १५० मीटर आणि रुग्णालयांपासून १०० मीटर अंतरात फेरीवाला नको असे ठरवले. स्थानकाबाबतचे कारण समजण्यासारखे आहे. पूल अरुंद होता. रुग्णालयाच्या दाराशी पोळीभाजी विकणाऱ्या बाईला शंभर मीटर दूर ढकलले, तेव्हा तिच्याकडून घेऊन खाणाऱ्याचे काय, याची सोय कोणी लावली नाही. रुग्णवाहिकेला वाट हवी हे कबूल. म्हणूनच तिला जागा नेमून द्यायला हवी होती. २०१४ चा फेरीवाला कायदा तेच सांगतो.

यावर उत्तर म्हणून दोन गोष्टी पुढे केल्या जातात. पहिली दानाची. परळला सकाळ-संध्याकाळ अन्नवाटप करणाऱ्या संस्था आणि व्यक्ती आहेत, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते, आणि ही माणसे नसती तर कितीतरी जण उपाशी झोपले असते. त्यांच्याविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे. परंतु चार एकर कोरडवाहू शेतीचा धनी असलेला माणूस फूटपाथवरच्या रांगेत हात पसरून उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालते ते त्याच्याकडे पाहणाऱ्याला कळते. दहा रुपये मोजून तो त्याच ताटावर ताठ बसला असता.

दुसरी गोष्ट सरकारी योजनांची. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देऊ केली. कल्पना वाईट नव्हती. पण मोक्याच्या जागी टपऱ्या वाटल्या गेल्या, आणि जागेची किंमत झुणक्याच्या किमतीपेक्षा इतकी मोठी होती की काही वर्षांत टपरी राहिली आणि झुणका गेला. तिथे इतर सर्व काही मिळू लागले. चौथ्या गोष्टीने पहिल्या तिन्ही गिळल्या, असेच म्हणायचे. २६ जानेवारी २०२० पासून आघाडी सरकारने शिवभोजन थाळी आणली : ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. जेवणाऱ्याचे १० रुपये. शहरात थाळीची किंमत ५० धरून उरलेले ४० शासनाचे. टाळेबंदीच्या काळात हीच थाळी पाच रुपयांना आणि पुढे काही काळ विनामूल्य मिळाली, तेव्हा तिने खरोखर माणसे जगवली. नंतर अनुदान थकल्याच्या तक्रारी केंद्रचालक करू लागले. सरकार बदलले की योजनेचा जीव कमीजास्त होतो, कारण तिच्यामागे हक्क नाही, औदार्य आहे. आणि औदार्याला अर्थसंकल्पात शेवटची जागा मिळते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने काय केले ते आठवावे. बॉम्बहल्ल्यांत घरे गेलेल्यांसाठी १९४० मध्ये स्थानिक पालिकांनी सामुदायिक भोजनकेंद्रे उघडली. चर्चिलसाहेबांना ते नाव फारच साम्यवादी वाटले, म्हणून त्यांची 'ब्रिटिश रेस्टॉरंट' झाली. १९४३ मध्ये त्यांची संख्या दोन हजारांवर होती. शाळांची सभागृहे, चर्चच्या खोल्या, जी जागा सार्वजनिक होती ती वापरली. त्यामुळे ताटाच्या किमतीतून भाडे गळाले. आपल्याकडेही तत्त्व नवे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४६ व्या कलमाने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह सक्तीचे करता येत असे. जिथे माणसे कामासाठी दिवसभर अडकतात तिथे त्यांच्या जेवणाची जबाबदारी त्या जागेवर येते, असा त्याचा अर्थ. केसपेपरच्या रांगेत सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत अडकलेला माणूस कारखान्यातल्या माणसाहून कमी अडकलेला असतो काय?

परळपुरते बोलायचे, तर गरज मोठी नाही. रुग्णालयांच्या आवारांत किंवा त्यांना लागून, पुनर्विकासात महापालिकेच्या वाट्याला येणाऱ्या बांधकामात, दोन-तीन मोठी दालने हवीत. भाडे शून्य, पाणी आणि गॅस पालिकेचा, चालवायला बायकांच्या सहकारी संस्था. जागा हस्तांतरित करता येऊ नये आणि तिथे ताटाखेरीज काही विकता येऊ नये, एवढी अट झुणका-भाकरीच्या अनुभवावरून करारात घालावी. श्रमांचा मोबदला मात्र पूर्ण द्यावा; बाईच्या फुकट कष्टांवर स्वस्ताई उभारण्याचा प्रयोग गिरणगावात एकदा होऊन गेला आहे. आणखी एक तपशील. शिवभोजन सुरू झाले तेव्हा त्याची वेळ दुपारी १२ ते २ होती. बाह्यरुग्ण विभागात नंबर लागून, तपासणी होऊन, औषधाच्या खिडकीवरून माणूस मोकळा होईपर्यंत बहुधा तीन वाजलेले असतात. दालन उघडताना घड्याळ रुग्णालयाचे लावावे.