हाऊसवाईफ की होममेकर?

परवा स्कॉलरशिपचा फॉर्म भरत होते. वडिलांचा व्यवसाय: नोकरी. आईचा व्यवसाय... इथे पेन थांबलं. मागच्या वर्षी मी 'हाऊसवाईफ' लिहिलं होतं. शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, आता होममेकर लिहितात." मी तसं लिहिलं आणि घरी येऊन आईला सांगितलं. ती विळीवर नारळ खवत होती. म्हणाली, "बरं केलंस. आता हे वाटण मिक्सरला लाव."

मला हसू आलं, पण ते दोन शब्द काही डोक्यातून जाईनात. मग शब्दकोश उघडून बसले.

हाऊसवाईफ हा जुना शब्द. तेराव्या शतकाच्या आसपासच्या इंग्रजीत तो 'हूसवीफ' अशा रूपात सापडतो. आपण 'वाईफ' म्हणजे कुणाची तरी बायको असं धरून चालतो. पण जुन्या इंग्रजीत 'वीफ' म्हणजे नुसती बाई. मिडवाईफ म्हणजे सुईण, बाळंतिणीजवळ असणारी बाई. फिशवाईफ म्हणजे मासे विकणारी, आपल्या बाजारात पाटी घेऊन बसते तशी. त्याच हिशेबाने हाऊसवाईफ म्हणजे घर चालवणारी बाई. आपल्या 'घरधनीण'च्या जवळचाच शब्द की!

गंमत म्हणजे 'हजबंड' हाही मुळात जोडशब्दच आहे. तो जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. 'हूस' म्हणजे घर आणि 'बोंडी' म्हणजे स्वतःच्या घरादारात, शेतीवाडीत राहणारा माणूस. म्हणजे थेट आपला 'घरधनी'. नवरा हा अर्थ त्याला नंतर चिकटला. शेतीला 'हजबंड्री' म्हणतात ते याच जुन्या अर्थामुळे.

म्हणजे सुरुवातीला दोघांचाही मान सारखाच होता. पुढे काय झालं बघा. 'हूसवीफ' बोलता बोलता झिजून 'हसी' झाला आणि सतराव्या शतकापर्यंत त्याचा अर्थ निर्लज्ज, चवचाल बाई असा होऊन बसला. ब्रिटिश सैनिकांच्या सामानात सुई-दोरा-बटणांची छोटी थैली असे, तिलाही 'हाऊसवाईफ'च म्हणत. 'हजबंड'च्या वाट्याला असलं काही आलं नाही.

होममेकर त्यामानाने नवा, एकोणिसाव्या शतकातला. त्यातला 'होम' मात्र फार जुना. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम या गावांच्या नावातलं 'हॅम' ते हेच, वस्ती या अर्थाचं. 'मेकर' म्हणजे घडवणारी किंवा घडवणारा. या शब्दात लग्न येत नाही, बाईच असली पाहिजे असंही नाही. माणूस काय काम करतो एवढंच तो सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश-वकिलांसाठी एक पुस्तिका काढली, तिच्यातही 'हाऊसवाईफ'ऐवजी 'होममेकर' लिहा असं सुचवलं आहे. मला ते पटतं.

पण माझी भीती वेगळी आहे. हाऊसवाईफ हा शब्द काही जन्मतः वाईट नव्हता. ज्या कामाला किंमत नाही, त्या कामाचं नावही हळूहळू स्वस्त होतं. कामाची किंमत तीच राहिली तर होममेकरचंही तेच होईल. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या जोडीला, काम न करणाऱ्यांच्या गटात बसवलं होतं. २०१० साली अपघाताच्या भरपाईच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले. २०१९ ची सरकारी वेळ-वापर पाहणी सांगते की जे घरकाम करतात त्यांच्यातही बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि आपण विचारतो, "आई काय करते?" "काही नाही, घरीच असते."

किंमत शब्दाने नाही तर हक्काने कशी देता येते, याचं उदाहरण आपल्या गोव्यातच आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून इथे एक पद्धत चालत आली आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा निम्मा निम्मा वाटा. घर विकायचं तर दोघांची संमती लागते. त्या कायद्याने कारभार नवऱ्याच्याच हाती दिला, हा त्याचा दोष आहेच. तरीही बायकोने कधी एक रुपया पगार आणला नसला तरी वाटा तिचा. फॉर्मवर तिला काय म्हटलंय याने त्यात फरक पडत नाही.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, होममेकर जरूर लिहा. पण त्याच दिवशी घरी गेल्यावर २९९ मधली थोडी मिनिटं आपल्याकडे घ्या. मुलग्यांनो, हे तुम्हालाही सांगतेय, शब्दात 'बाई' कुठेच नाही. मी त्या दिवशी वाटण मिक्सरला लावलं खरं, पण आईने सांगितल्यावर. पुढच्या वर्षी फॉर्म भरेपर्यंत, न सांगता लावायची सवय करायची आहे.