ऑर्गन परका कसा?

गेल्या महिन्यात आमच्या पॅरिश कौन्सिलपुढे एक ठराव आला : गायनवृंदाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुना ऑर्गन भंगारात काढावा आणि त्या जागी ताल आपोआप वाजविणारा की-बोर्ड घ्यावा. कारणे दोन. ऑर्गन हे परक्यांचे वाद्य आहे आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ते केव्हाच बाद केले आहे. ही विधाने इतक्या आत्मविश्वासाने केली गेली की सभेतील निम्म्या माना डोलल्या. आमची डोलली नाही.

आधी परिषदेविषयी. ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित झालेला उपासनाविषयक दस्तऐवज ज्यांनी उघडून पाहिला असेल, त्यांना त्यातले १२० वे कलम ठाऊक असेल. नळ्यांच्या ऑर्गनला लॅटिन ख्रिस्तसभेत मोठा मान द्यावा, असे ते सांगते आणि उपासनेस साजतील अशा इतर वाद्यांनाही दार उघडते. त्याच्या आधीचे कलम मिशनच्या प्रदेशांतील लोकसंगीताची बूज राखावयास सांगते. तेव्हा तबला आत आला तो परिषदेच्या संमतीने. ऑर्गन बाहेर गेला तो आम्हा धर्मगुरूंच्या आळसाने.

आता 'परका' या शब्दाविषयी. आमचे बालपण मंडईमागच्या एका वाड्यात गेले. रविवारी सकाळी भाजीच्या हातगाड्या चुकवीत, वडिलांचे बोट धरून आम्ही मिस्साला चालत जात असू. वाटेत पंचहौद मिशनच्या मनोऱ्यावरील घंटा ऐकू येत. ते चर्च आपले नव्हे, असे आई बजावी. घंटा मात्र तिलाही आवडत. आमच्या चर्चमधला ऑर्गन नळ्यांचा नव्हता. पायांनी भाता हलवायचा, हातांनी पट्ट्या दाबायच्या, आतल्या पितळी पात्यांतून वारा जाऊन सूर उमटायचा. पावसाळ्यात एखादी पट्टी दबली की वर यायचे नाव घेत नसे आणि तो एकच सूर गीत संपले तरी मागे रेंगाळे. वाजविणारे गृहस्थ आठवडाभर मंडईतल्या एका कांदे-बटाट्यांच्या गाळ्यावर हिशेब लिहीत. पहिल्या कडव्याला ते सूर भरून देत, दुसऱ्याला हात हलका करीत, शेवटच्याला जवळजवळ थांबतच. तेव्हा ध्यानात येई की सारे चर्च गात आहे. त्यात आईचा बारीक आवाज असे आणि संध्याकाळच्या आराधनेला मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांचे घोगरे 'तान्तुम एर्गो' असे. त्या म्हाताऱ्यांना लॅटिनचा अर्थ सांगता आला नसता. पण गीत कोणापुढे गायचे ते त्यांना पक्के माहीत होते.

ज्या पुण्यात १८९० सालच्या पंचहौद मिशनातील चहावरून टिळक-रानड्यांसारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले, त्याच पुण्याने ऑर्गन मात्र विनाप्रायश्चित्त आपलासा केला. बालगंधर्वांच्या पदांना ऑर्गनचीच साथ होती. त्याच कुळातली पेटी पॅरिसमध्ये जन्मली आणि आमच्या भजनी मंडळांत येऊन बसली. आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी केली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. तेवढ्या काळात लोकांनी पेटी सोडली काय? १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून उभी राहिलेली मंडईची इमारतही गॉथिक घाटाची. ती परकी म्हणून पाडा, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमचे भांडण की-बोर्डाशी नाही, त्यातल्या न थांबणाऱ्या यंत्राशी आहे. ऐंशी वर्षांच्या आजीबाईंना ओळीच्या शेवटी दम घ्यावा लागतो. वाजविणारा माणूस असला तर तो तिच्यासाठी क्षणभर थांबतो. यंत्र थांबत नाही. मग आजीबाई गप्प होतात, त्यांच्या शेजारचे गप्प होतात आणि ध्वनिक्षेपकापुढची पाच तरुण मुले सर्वांच्या वतीने गातात. साऱ्या मंडळीला गाण्यात भाग घेता यावा म्हणून झटावे, असे त्याच दस्तऐवजाचे ११४ वे कलम धर्मगुरूंनाच बजावते.

येथे आमचा कबुलीजबाबही देऊन टाकतो. तरुणपणी, साहाय्यक धर्मगुरू असताना, असाच एक ऑर्गन किलोच्या भावाने विकला गेला. कागदावर सही आमचीच होती. पितळ वेगळे तोलले, लाकूड वेगळे.

म्हणून हा ठराव आम्ही पुढील बैठकीपर्यंत रोखून धरला आहे. पेट्या दुरुस्त करणारे एक कारागीर येऊन पाहून गेले. भात्याचे कातडे फाटले आहे, तीन सूर मुके आहेत. खर्च की-बोर्डाच्या निम्म्याहून कमी येईल. अडचण पैशाची नाही, वाजविणाऱ्याची आहे. इयत्ता चौथीतली एक मुलगी शनिवारी दुपारी येऊ लागली आहे. तिचे पाय भात्यापर्यंत पोहोचत नव्हते, म्हणून सुताराकडून स्टुलाचे पाय कापून घेतले आहेत.