विंचवाचे बिऱ्हाड, ट्रकच्या हौद्यात

१/ जुना पिकअप विकत घ्यायचा, हौद्यावर छप्पर चढवायचे, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवायची आणि लडाखची वाट धरायची. या छंदाला 'ओव्हरलँडिंग' म्हणतात आणि तो पाश्चात्त्यांकडून आल्याचे मानले जाते. पण मालवाहू गाडीचे फिरते घर करण्याची विद्या महाराष्ट्रात कित्येक दशके नांदते आहे. तिचे एक टोक गिरगाव-लालबागेत आहे, दुसरे जत्रेच्या माळावर. हा थ्रेड त्या विद्येविषयी आणि ती मोडीत निघण्याविषयी.

२/ आरंभ गिरगावातून. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' सँडहर्स्ट रोडवरील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वांसाठी प्रदर्शित झाला. चित्रपट घडला दादरला, लागला गिरगावात. पण शहराबाहेर चित्रगृहे होती कुठे? फाळके प्रोजेक्टर बैलगाडीत घालून गावोगाव खेळ करीत, असे सांगतात. प्रेक्षक चित्रगृहाकडे येऊ शकत नसेल, तर चित्रगृहानेच त्याच्याकडे जावे, ही कल्पना तेव्हापासूनची.

३/ पुढे बैलगाडीची जागा मोटारलॉरीने घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची वापरलेली वाहने विक्रीस निघाली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ट्रक बाहेर पडू लागले. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज रस्तोरस्ती दिसू लागली. नवी गाडी अर्थातच माल वाहण्यासाठी असे. मालधंद्यात तिची उमेद सरली, की ती स्वस्तात फिरत्या सिनेमावाल्याच्या हाती पडे आणि तिचा दुसरा जन्म सुरू होई.

४/ हा दुसरा जन्म सुतार, लोहार आणि वेल्डर घडवीत. हौद्यावर लाकडी किंवा पत्र्याची बंद खोली चढे. मागच्या बाजूला प्रोजेक्टर घट्ट आवळून बसवला जाई, म्हणजे खडबडीत रस्त्यावर त्याची बैठक हलू नये. त्याच्यापुढे प्रकाशाचा झोत बाहेर पडण्यापुरता झरोका. जनरेटर, भोंगे, तंबूचे कापड, खांब, दोरखंड, पडदा आणि रिळांचे डबे, प्रत्येकाची जागा ठरलेली.

५/ प्रोजेक्टर गाडीतच का ठेवायचा? एक तर तो जड. रोज उतरवून नव्याने जुळवणे परवडत नसे. दुसरे कारण आगीचे. जुन्या प्रोजेक्टरमध्ये दोन कार्बन कांड्यांमध्ये ठिणगीचा प्रखर उजेड पाडला जाई. कांड्या जळून झिजत, म्हणून ऑपरेटरला त्यांच्यातले अंतर सतत सांभाळावे लागे. असा जाळ गर्दीपासून वेगळ्या कोठडीत असलेलाच बरा. लॉरी तंबूच्या तोंडाशी उभी राही आणि झोत प्रेक्षकांच्या डोक्यांवरून पडद्यावर जाई.

६/ हजार फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटांत संपते. अडीच तासांच्या चित्रपटाची अशी १३-१४ रिळे होतात. प्रोजेक्टर एकच असला, की दर बदलाला अंधार, शिट्ट्या आणि आरडाओरडा ठरलेला. खेळ संपला की त्याच लॉरीत, रिळांच्या डब्यांशेजारी अंथरूण पडे. सकाळी तिच्याच सावलीत चूल पेटे. जत्रा उठली की बिऱ्हाडही उठे. आजच्या कॅम्परमध्ये जे असते, त्यातले बहुतेक इथे होते. शिवाय एक चित्रगृह होते.

७/ या लॉरीची नाळ मात्र मुंबईशी जोडलेली होती. लॅमिंग्टन रोडवरील, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावरील, नाझ सिनेमाच्या आवारात चित्रपट वितरकांची कार्यालये दाटीने वसली होती. तिथे सौदा ठरे आणि रिळांची 'पेटी' रेल्वेने वा एसटीने मुक्कामाच्या दिशेने निघे. पेटी चुकली की त्या रात्रीचा खेळ बुडालाच. गिरगावच्या कडेचा तो रस्ता आणि साताऱ्यातल्या पुसेगावच्या यात्रेतला तंबू हे एकाच साखळीचे दुवे होते.

८/ प्रेक्षकही एकाच कुटुंबातले. गिरणीत खपणारा मराठी कामगार लालबागच्या 'भारतमाता'त चित्रपट पाही. गावी राहिलेली त्याची आई, बायको, मुले तोच चित्रपट पुढे कधीतरी तंबूत पाहत. नायगावच्या गिरणी वस्तीत जन्मलेल्या दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' १९७१ मध्ये दादरच्या कोहिनूरमध्ये गाजला. त्यांच्या चित्रपटांना जत्रेतल्या तंबूंनीही तितकेच डोक्यावर घेतले. शहर आणि गाव यांच्यात मनीऑर्डरीप्रमाणेच हे हसूही ये-जा करीत होते.

९/ तमाशाचेही तेच. लालबागचे न्यू हनुमान थिएटर ही गिरणगावातली तमाशाची हक्काची जागा होती. गावाकडे मात्र फडाला थिएटर नव्हे, ट्रक लागे. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत फड रस्त्यावर असतो. नारायणगावच्या राहुट्यांत सुपारी ठरते आणि रंगमंचाच्या फळ्या, कनाती, दिवे, पेट्या आणि माणसे असा सारा संसार ट्रक-बसमधून पुढच्या गावाला लागतो.

१०/ इथे रम्य चित्र रंगवून थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हौशी प्रवासी गाडीत झोपतो, कारण त्याला उघड्या आकाशाची ओढ असते. फडातली कलावंत स्त्री झोपते, कारण गावात तिला खोली मिळत नाही. कपडे बदलायला आडोसा नाही, शौचालय नाही, पहाटे पुन्हा प्रवास. कोरोनाच्या काळात ट्रक जागेवरच उभे राहिले आणि उचल फेडायची कशी, हा प्रश्न कलावंतांसमोर उभा राहिला.

११/ सिनेमाच्या लॉरीवर घाला आला तो तंत्रज्ञानाचा. गेल्या दशकाच्या आरंभी वितरण डिजिटल झाले आणि रिळे छापणे बंद पडत गेले. काहींनी डिजिटल यंत्रे आणून तग धरला. जुने प्रोजेक्टर लोखंडाच्या भावाने गेले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा माहितीपट याच अखेरच्या पर्वाचा साक्षीदार आहे.

१२/ आता कायद्याकडे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन अधिक ठळक केले. २०२१ मध्ये केंद्राचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण आले. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. फिरते घर, म्हणजे, शासनाला मान्य झाले. पण ते पर्यटकाचे.

१३/ सुरक्षेचा आक्षेप खोटा नाही. लाकडी खोलीत जनरेटर, मालावर बसलेली माणसे, निकामी ब्रेक हे जिवाशी खेळणे आहे. परंतु ज्या नियमांनी पर्यटकाच्या गाडीतली शेगडी आणि पलंग सुरक्षित करता येतात, त्याच नियमांनी कलावंताची गाडीही सुरक्षित करता येईल. सोयीच्या कॅरॅव्हॅनला धोरण मिळत असेल, तर फडाच्या गाडीला प्रमाणित आराखडा, सवलतीचे कर्ज आणि मुक्कामी शौचालय मिळणे ही मेहेरबानी नव्हे. तो न्याय आहे.

१४/ दुसरी मागणी इतिहासाची. मुंबईत पेडर रोडवर २०१९ पासून भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. उरलेल्या लॉऱ्यांतली किमान एक चालू स्थितीत जतन करणे, ज्या हातांनी त्या बांधल्या त्यांच्याकडून हौद्याची मापे आणि जोडकाम लिहून घेणे, हे अशा संस्थांचे आणि विद्यापीठांचे काम आहे. कारागीर गेला की गाडी कशी उभी राहिली, हे लोखंडाकडे पाहून कळत नाही.

१५/ उद्या एखादा तरुण जुन्या पिकअपवर छप्पर चढवील, तेव्हा त्याने परदेशी व्हिडिओ जरूर पाहावेत. पण जड यंत्र हौद्यात कुठे आवळायचे, तंबूची कनात गाडीला कशी बांधायची, पावसात बिऱ्हाड कोरडे कसे ठेवायचे, हे सांगणारी माणसे साताऱ्यात आणि नारायणगावात अजून आहेत. त्यांना विचारले, तर ती विद्या पुढे जाईल. न विचारता राहिले, तर लॉरीबरोबर तीही भंगाराच्या काट्यावर तोलली जाईल.

(समाप्त)