गच्चीवरच्या कुरडया : स्मरणाविषयी काही विचार

वाराणसीत दुर्गाघाटाच्या वरच्या अंगाला ज्या अरुंद गल्ल्या आहेत, त्यांतून जाताना मराठी माणसाला अनेक खुणा भेटतील अशी त्याची अपेक्षा असते. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांनी अठराव्या शतकात दुर्गाघाट व ब्रह्माघाट बांधले, आणि त्यांच्या आसपास मराठी कुटुंबांची वस्ती वाढली, हे त्याने वाचलेले असते. अशा अपेक्षित खुणांनी मन फारसे हलत नाही. ते आपण आधीच तयार करून आणलेले असते. गेल्या फाल्गुनाच्या अखेरीस प्रस्तुत लेखकाचे मन हलले ते वेगळ्याच गोष्टीने. एका परिचितांच्या गच्चीवरून सहज पलीकडे पाहिले, तो शेजारच्या गच्चीवर जुने पांढरे धोतर अंथरलेले, त्यावर गव्हाच्या कुरडया वाळत घातलेल्या, आणि एका कोपऱ्यात हातात काठी घेऊन बसलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा.

क्षणार्धात साठ वर्षे गळून पडली. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास, चूल पेटवण्यासाठी पहाटे उठलेली आई, सोऱ्या दाबताना तिच्या मनगटांवर आलेला ताण, वाटीत मिळालेला गरम चीक, आणि त्या चिकाच्या मोबदल्यात दुपारभर कावळे हाकण्याची शिक्षा. हे सारे आठवले असे म्हणणे अपुरे आहे. ते समोर उभे राहिले. फरक एवढाच, की इथल्या मुलाची काठी कावळ्यांसाठी नव्हती, वानरांसाठी होती.

अशा अनपेक्षित स्मरणाचा विचार आपल्या परंपरेने केला आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त स्मरण हा अलंकार मानला, तो सदृश वस्तूच्या दर्शनाने होणाऱ्या स्मृतीपुरता. काव्यशास्त्राला सादृश्य पुरले. न्यायदर्शनाला मात्र ते पुरेसे वाटले नाही. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्मृतीची सत्तावीस निमित्ते मोजली आहेत. सादृश्य हे त्यांतील केवळ एक. त्याखेरीज संबंध आहे, वियोग आहे, विरोध आहे, भय आहे, सुखदुःख आहे, व्यवधानही आहे : म्यान दिसले की आतली तलवार आठवते, असे त्याचे उदाहरण भाष्यकार वात्स्यायन देतो. कालिदासाने तर 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात आणखी पुढचे पाऊल टाकले. हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत व्याकुळ होतो, पण कशासाठी ते त्याला उमगत नाही. तिथे निमित्त हजर आहे, व्याकुळता हजर आहे. जिचे स्मरण व्हायचे ती व्यक्ती तेवढी गैरहजर आहे.

हा तपशील सांगण्याचे कारण असे, की आधुनिक मराठी गद्याने या बाबतीत न्यायसूत्रांपेक्षा काव्यशास्त्राची सोपी वाट धरली. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांच्या हाती लघुनिबंध बहरला, तेव्हा दैनंदिन जीवनातील एखादी क्षुल्लक वस्तू आणि तिच्या निमित्ताने जागे होणारे मन ही त्याची मोठी शक्ती होती. पुढे अनुकरण वाढले आणि त्या शक्तीचा साचा झाला. वस्तू दिसावी, बालपण आठवावे, 'ते दिवस गेले' असा सुस्कारा टाकावा, आणि निबंध संपावा. या साच्यात वस्तू ही जणू केवळ आपल्यासाठीच तिथे ठेवलेली असते. ती ज्याची आहे, त्याच्या मनात तिच्यामुळे काय जागे होते, हा प्रश्न साचा विचारू देत नाही.

प्रस्तुत लेखकही त्या दिवशी त्याच साच्यात अडकला होता. मुलाची आजी गच्चीवर आली. "काय बघताय, भाऊ?" असे तिने विचारले, आणि मी काहीशा गहिवराने म्हणालो, "ताई, कुरडया पाहिल्या आणि गाव आठवलं. तुम्हालाही देशाकडची आठवण येत असेल ना?" ती हसली. म्हणाली, "देश कोणता, भाऊ? माझा जन्म इथला, आईचाही इथलाच. मला कुरडई पाहिली की पूर आठवतो."

मग तिने सांगितले ते असे. माहेर अस्सीच्या बाजूला. १९७८ च्या सप्टेंबरात गंगा चढली, तेव्हा ती लग्नाच्या वयाची होती. पाणी घरात शिरल्यावर सारे कुटुंब शेजाऱ्यांसह गच्चीवर गेले. खाली नावा फिरत होत्या. डब्यांत उन्हाळ्यात केलेल्या कुरडया आणि पापड होते. एका स्टोव्हवर ते तळून दोन घरांनी रात्र काढली, आणि शेजारच्या भोजपुरी बोलणाऱ्या काकींनी त्या रात्री कुरडई प्रथम खाल्ली. "पुढच्या वर्षी त्या करायला शिकल्या," एवढे बोलून तिने नातवाला हाक मारली, कारण मुंडेरीवर वानर आले होते.

त्या वर्षी ९ सप्टेंबरला राजघाटाजवळ गंगेची पातळी ७३.९० मीटरवर पोहोचली होती. धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. वाराणसीच्या नोंदींतला हा उच्चांक आहे. नोंदींत कुरडई नाही. आणि माझ्या स्मृतीत पूर नव्हता. वस्तू एकच, परंतु माझ्यासाठी तिचे निमित्त वियोग होता आणि त्या बाईंसाठी भय व संबंध. मी तिच्या गच्चीवर माझे गाव पाहिले, एवढ्याने ती गच्ची माझ्या गावाची होत नाही.

माझे म्हणणे येथे सुरू होते. महाराष्ट्राबाहेरील मराठी जीवनाचा अभ्यास करताना आपण बहुधा आपल्याच हरवलेल्या तारुण्याचा शोध घेत असतो. काशीतले नऊवारी लुगडे, तंजावरातील मराठी शब्द, बडोद्यातील वाडे यांत आपल्याला जुना महाराष्ट्र जतन झालेला दिसतो, आणि जे जतन झाले नाही, जे बदलले, त्याला आपण ऱ्हास म्हणतो. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत भटकले, काशीहून गंगेची कावड घेऊन कोकणात वरसईला परतले, आणि सुमारे पाव शतकानंतर त्यांनी ते सारे आठवून लिहिले. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना परतण्यासाठी घर होते. यात्रिकाची स्मृती अशीच असते. परंतु काशीच्या मराठी रहिवाशाला यात्रिकाच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

बाबूराव विष्णु पराडकरांचे उदाहरण घ्यावे. १८८३ मध्ये वाराणसीत मराठी घरात जन्मलेल्या या पुरुषाने 'आज' दैनिकातून हिंदी पत्रकारितेची भाषा घडवली. त्यांचे आप्त सखाराम गणेश देउस्कर यांनी 'देशेर कथा' हा ग्रंथ बंगालीत लिहिला आणि पराडकरांनी तो हिंदीत आणला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या दोघांना क्वचित जागा मिळते, कारण त्यांनी मराठीत लिहिले नाही. आणि तरीही तीन भाषांमधून गेलेला हा प्रवास घडला तो मराठी घरांतूनच. भारतीय वाङ्मय ही एक संकल्पना म्हणून आपण मांडतो, तेव्हा तिचे प्रत्यक्ष रूप अशा घरांत असते.

यावर असा आक्षेप येईल, की स्मृती ही व्यक्तिगत गोष्ट असून तिला अभ्यासाचे साधन करता येणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. माझी स्मृती साठ वर्षांनी सोयीस्कर गोड झाली असणार. परंतु उपाय स्मृती टाळणे हा नव्हे. एकाच वस्तूविषयी दोघांच्या स्मृती शेजारी ठेवणे, हा उपाय आहे. काशीतील मराठी हस्तलिखितांच्या याद्या करणे आवश्यक आहेच. त्याच आस्थेने तेथील घरांत बोलली जाणारी हिंदीमिश्रित मराठी, तिच्यातली वस्तूंची नावे आणि त्या वस्तूंना चिकटलेल्या आठवणी टिपल्या पाहिजेत. हस्तलिखित शंभर वर्षे थांबेल. ज्या पिढीला १९७८ ची गच्ची आठवते, ती थांबणार नाही.

एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये याच नगरीत पूर्ण केले. पैठणहून आलेल्या ग्रंथकाराला काशी परकी वाटली नाही. चारशे वर्षांनंतर आपण मात्र गच्चीवरच्या कुरडईत पैठणच शोधत बसतो. निरोप घेताना त्या बाईंनी मूठभर वाळलेल्या कुरडया कागदात बांधून दिल्या. घरी आणून तळल्या, तेव्हा चव थोडी वेगळी लागली. त्यांत आईच्या हाताचे काय आणि त्या भोजपुरी काकींचे काय, हे मला सांगता आले नाही.