दिवसा ओसरणारं गाव

बदलापुरात घर बघायला आलेला माणूस भाव नंतर विचारतो, स्टेशन किती लांब ते आधी विचारतो. भावाचा अंदाज त्याला असतोच. मध्य रेल्वेवर ठाणं सोडलं की डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ असे स्टेशनागणिक घरांचे भाव उतरत जातात आणि आपल्या पगारावर बँक जिथल्या घराला कर्ज देईल तिथे आपण उतरतो. आम्ही बदलापूरला उतरलो. आमच्या मागून आलेले वांगणीला, नेरळला उतरले.

सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११मध्ये ती १,७४,२२६ झाली. दहा वर्षांत सुमारे पावणेदोन पट. यातले कितीतरी लोक लालबाग-परळच्या खोल्यांमधून आले. १९८२च्या संपानंतर गिरणगाव उतरणीला लागलं, चाळीतल्या एका खोलीत भावाभावांचे संसार मावेनात, मग एकेकाने कल्याणच्या पलीकडची वाट धरली. कोणी डोंबिवलीतलं भाड्याचं घर सोडून आलं, कोणी खानदेशातून थेट. सगळ्यांना हवं होतं ते एकच, दारावर आपल्या नावाची पाटी. त्या पाटीचं मोल मला ठाऊक आहे. माझ्या सासूबाईंनी उभा जन्म चाळीतल्या सार्वजनिक मोरीबाहेर रांग लावली. इथे आल्यावर पहिल्या दिवशी त्या न्हाणीघराचं दार लावून इतका वेळ आत राहिल्या की आम्ही घाबरून हाक मारली. बाहेर येऊन म्हणाल्या, "कुणी दार वाजवत नव्हतं ना, म्हणून बसले निवांत." त्यामुळे "इतक्या लांब कशाला गेलात?" असं मुंबईतलं कुणी विचारलं की मला राग येतो.

पण घर स्वस्त मिळालं म्हणजे पैसे वाचले, असं नाही. उरलेली किंमत वेळेत चुकवावी लागते, आणि बँकेचा हप्ता फिटला तरी हा हप्ता चालूच राहतो. फास्ट लोकलने सीएसएमटीपर्यंत दीड तासाच्या आतबाहेर, पुढे बस किंवा चालणं, इकडे घरापासून स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा. दोन्ही वेळचं मिळून रोजचे चार तास सहज जातात. घराघरांत हा हप्ता सारखा वाटलेला नसतो. सकाळी पाणी यायच्या वेळेला उठून पिंप भरणारी, डबे करणारी, मुलाला पाळणाघरात पोचवणारी बहुतेक बाईच असते आणि गाडीही तिला तीच पकडायची असते. बारवी धरण इथून जवळ, उल्हास नदी तर गावातून वाहते, तरी उन्हाळ्यात सोसायट्यांच्या दारात टँकर उभे. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडे रोजच्या बोलण्यात असते.

लेडीज डब्यात हा हप्ता कसा फेडला जातो ते दिसतं. गवार मोडली जाते, पालक निवडला जातो, कुणी व्यंकटेश स्तोत्र म्हणते, कुणी खांद्यावर डोकं टेकून झोपते. भिशी डब्यात, हळदीकुंकू डब्यात, डोहाळजेवणसुद्धा डब्यात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण बांधून आरती होते. माझ्या मजल्यावरच्या शेजारणीपेक्षा मला डब्यातल्या बायकांच्या घरचं जास्त ठाऊक आहे: कुणाच्या मुलाला दहावीत गणित जड जातं, कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेली. शेजार म्हणतात तो आमचा गाडीत आहे.

त्या शेजारात भांडणंही कडक होतात. बदलापूरहून सुटणारी गाडी बदलापूरच्या बायकांना रिकामी मिळायला हवी, पण अंबरनाथच्या, उल्हासनगरच्या बायका आधी डाउन गाडीने इथे येतात आणि जागा धरून तशाच परत जातात. याला म्हणतात 'रिटर्न'. त्यावरून रोज शब्दाला शब्द वाढतो. मला रिटर्न येणाऱ्यांचा राग येत नाही. पाठीचा मणका दुखत असताना दादरपर्यंत उभं राहायचं नसेल तर बाईने करावं काय? भांडण दोन दमलेल्या बायकांचं असतं, आणि ज्यांनी गाड्या वाढवायच्या ते त्या डब्यात नसतात.

गाड्या का वाढत नाहीत, याचं उत्तर रुळांत आहे. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला दोनच मार्ग, आणि त्याच दोन मार्गांवरून आमच्या लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या. एक गाडी रखडली की मागचं सगळं रखडतं. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाला २०१९मध्ये मंजुरी मिळाली. कल्याणच्या अलीकडे ठाणे-दिवा पाचवा-सहावा मार्ग २०२२मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या तेव्हा कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी स्टेशनात आवाज उठवला आणि रेल्वेने त्या दहा फेऱ्या मागे घेतल्या. एसी कुणाला नको असते? पण साध्या पासावर जाणाऱ्याच्या वेळेची गाडी काढून ती दिली तर तो पुढच्या गाडीच्या दारात लटकतो. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींशेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली, काहींचे जीव गेले. त्या संध्याकाळी आमच्याकडे घरोघरी फोन वाजत होते. त्यानंतर नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं बसवायची घोषणा झाली. दारं हवीतच. पण दारात उभं राहणारा हौसेने उभा नसतो. दार बंद झाल्यावर तो कुठे मावणार, याचं उत्तर जादा गाड्यांनीच द्यायला हवं.

या सगळ्याहून मला जास्त टोचतं ते वेगळंच. आमच्या गावाला आमचे फक्त दमलेले तास मिळतात. नगरपालिकेची खिडकी आम्ही गेल्यावर उघडते आणि आम्ही परतायच्या आत बंद होते. मालमत्ता कराची चौकशी, जन्मदाखला, गटाराची तक्रार, प्रत्येकाला एक रजा. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची मुदत २०२०मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे. २०२५च्या डिसेंबरात अखेर निवडणूक झाली. एवढ्या वर्षांत टॉवर उभे राहिले, रस्ते खोदले गेले, नदीच्या कडेला इमारती सरकत गेल्या. विचारणार कोण? सभेच्या वेळी आम्ही भायखळ्याला असतो. इतक्या शिकलेल्या, कमावत्या, कर भरणाऱ्या माणसांच्या गावाला दिवसा आवाज नसावा, हे मला मान्य होत नाही.

दिवसा गाव चालवतात ती वेगळीच माणसं. कट्ट्यावरचे आजोबा, पोळी-भाजी केंद्रातल्या बायका, रिक्षावाले, आणि पाळणाघराच्या काकू. गाडी अडकली की पहिला फोन काकूंना जातो. त्या "बरं" म्हणतात आणि आमच्या पोरांना वरणभात भरवून झोपवतात. याचे जादा पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाला आसपासच्या गावांतल्या बायका स्टेशनबाहेर जांभळं घेऊन बसतात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ज्या झाडांमुळे ते मिळालं त्यांतली कितीतरी कापूनच आमच्यासारख्यांची घरं झाली. विकत घेताना मला हे दर वेळी आठवतं. अडीनडीलाही हीच आसपासची माणसं उपयोगी पडतात. २०१९च्या जुलैत बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी आत होते, तेव्हा बचाव पथकांच्या जोडीने मदतीला धावले ते याच परिसरातले गावकरी.

माझी मागणी मोठी नाही. नगरपालिकेची एक खिडकी रात्री दहापर्यंत आणि रविवारी उघडी ठेवा. वॉर्डाची सभा रविवारी सकाळी घ्या. आजार अंगावर आला की उल्हासनगर, कल्याण नाहीतर थेट मुंबई गाठावी लागते, ते थांबेल असं सरकारी रुग्णालय इथे उभं करा. आणि काही कचेऱ्या कल्याणच्या अलीकडेच थांबू नयेत, इकडेही याव्यात.

परवा ऑफिसातल्या एका मुलीने विचारलं, "ताई, बदलापूरला घर घेऊ का?" मी तिला म्हटलं, घे, पण रविवारी बघायला येऊ नकोस. कामाच्या दिवशी सकाळी सातला ये, आमच्याबरोबर डब्यात चढ, दादरला उतर आणि संध्याकाळी परत बदलापूरला येऊन दाखव. मग बिल्डरला कार्पेट किती ते विचार, महारेराचा नंबर बघ, इमारत पूररेषेत येते का ते नगररचना विभागात जाऊन तपास. सोसायटीतल्या बायकांना गाठ आणि मे महिन्यात पाणी किती वेळ येतं ते विचार. पाळणाघर कुठे आहे तेही बघून घे, काकूंशी बोल. एवढं करून मन तयार असेल तर टोकन दे.