परफॉर्मन्स, पीआयपी आणि साडेबारा टक्के

शनिवारची सकाळ. खाली पाण्याचा टँकर आलाय. सोसायटीचे सेक्रेटरी आणि टँकरवाला यांची नेहमीची हुज्जत चालू आहे. आणि मी गॅलरीत चहा घेऊन लॅपटॉपवर एक पीडीएफ तिसऱ्यांदा वाचतोय. 'परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन'. आमच्या धंद्यात त्याला लाडाने पीआयपी म्हणतात. 'अरे, त्याला पीआयपीत टाकला' असं कँटीनमध्ये कुणी म्हटलं की टेबलावरचे सगळे एकदम गप्प होतात. जसं काही आयसीयूतच ठेवलाय.

तर मंडळी, काल मलाही टाकला.

मुदत साठ दिवस. दर आठवड्याला मॅनेजरबरोबर अर्ध्या तासाची मीटिंग. सुधारणा दिसली नाही तर 'योग्य ती कारवाई'. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हा एका कंपनीचा प्रश्न नाही. आणि कारण अजून साठ दिवस पगार तिथूनच येणार आहे :)

ऐरोलीहून पनवेल लोकल पकडली, पनवेलला उतरलो आणि करंजाडेची शेअर रिक्षा पकडायची सोडून प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर तासभर बसून राहिलो. हप्ता अठ्ठावीस हजार. शिल्लक चार महिन्यांची. लग्नाला एक वर्ष. हाच हिशोब मी पाच-सहा वेळा केला, उत्तर दर वेळी तेच आलं. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. आता जेवणार आहेस की नाही?" खरं सांगतो, दिवसभरात ऐकलेलं पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं ते.

रात्री बाबांना फोन केला. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहिण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. मला वाटलं होतं, 'तरी सांगत होतो, सरकारी नोकरी बघ' हे ऐकावं लागणार. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्यात लिहिलंय ते खरं आहे का?"

मी म्हटलं, थोडं खरं, थोडं खोटं.

"मग खरं किती ते आधी वेगळं काढ. मी वाईट शेरे लिहिलेत कुणाकुणाला. ज्याने 'सगळं खोटं' म्हटलं तो सुधारला नाही, आणि ज्याने 'सगळं खरं' म्हटलं तो खचला."

आज सकाळी उठून तेच केलं. वहीच्या पानावर दोन रेघा मारल्या, तीन रकाने.

पहिला रकाना, खरं. मार्चमधल्या रिलीजमध्ये माझा एक बॅच जॉब मध्येच पडला आणि आपोआप पुन्हा सुरू झाला. आधी झालेल्या नोंदी वगळायची तपासणी मी लिहिलीच नव्हती. त्यामुळे त्याच नोंदी दुसऱ्यांदा पडल्या. चार जणांची रात्र गेली त्या निस्तरण्यात. ही चूक 'सिस्टीम'ची नाही, माझी आहे. आणि त्यामागचं कारणही मला माहीत आहे. गेली दोन वर्षं मी तेच ते काम डोळे मिटून करतोय. टेस्ट लिहायचा कंटाळा करतोय. सहा वर्षांचा अनुभव आहे असं सांगतो, पण खरं म्हणजे तीन वर्षांचा अनुभव दोनदा घेतलाय.

दुसरा रकाना, मोघम. 'ओनरशिप कमी आहे.' 'प्रोअॅक्टिव्ह नाही.' हे मोजायचं कसं? साठाव्या दिवशी ओनरशिप वाढली की नाही हे कोण ठरवणार?

तिसरा रकाना, जे त्या पत्रात लिहिलेलंच नाही. क्लायंटने बजेट कापलं. आमची टीम अकराची सात झाली. आणि दरवर्षी कुणाला तरी सगळ्यात खालचं रेटिंग द्यावंच लागतं.

हा तिसरा रकाना आपल्या धंद्यात फार जुना आहे. जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९८० च्या दशकात वीस-सत्तर-दहाची पद्धत रुजवली. वरच्या वीस टक्क्यांना बक्षीस, मधल्या सत्तरांना प्रोत्साहन, खालच्या दहांना नारळ. मग जगभर तिची नक्कल झाली. मायक्रोसॉफ्टने तसल्या क्रमवारीची आपली पद्धत २०१३ मध्ये बंद केली. पण बेल कर्व्हचं भूत गेलेलं नाही. इंजिनियरिंगला आपण सगळेच शिकलो की हा आलेख मोठ्या संख्येला लागतो. इंटरव्ह्यू घेऊन निवडलेल्या सात जणांना तो लावणं म्हणजे सात इडल्या करून त्यातली एक कच्ची निघालीच पाहिजे म्हणणं.

आणि संख्या कमी करायची असली की 'परफॉर्मन्स' हा शब्द फार उपयोगी पडतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा निदान ते उघड तरी होतं. पेपरात आलं, चर्चा झाली. पण एकेकट्याला खोलीत बोलावून 'तुझंच काम बरोबर नाही' म्हटलं की चर्चा होत नाही. माणूस लाजेने गप्प बसतो आणि समोर ठेवलेल्या राजीनाम्यावर सही करून मोकळा होतो.

माझा मुद्दा नेमका इथे आहे. काम खरंच वाईट असेल तर कंपनीने सांगावं, सुधारायला वेळ द्यावा, नाही जमलं तर काढावं. त्यात मला अन्याय दिसत नाही. पण काढणं हे काढणं म्हणूनच झालं पाहिजे, 'स्वखुशीने राजीनामा' म्हणून नाही. दोन्हींत फरक आहे आणि तो पैशातही मोजता येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत 'कामगार' या व्याख्येत तांत्रिक काम करणाराही येतो. 'आपण आयटीवाले, आपल्याला कसला कामगार कायदा' ही आपली लाडकी समजूत पूर्ण खरी नाही. हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता ते पाहिलं जातं. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. शिवाय नवीन कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीतून पंधरा दिवसांचा पगार वेगळा. राजीनामा दिला की यातलं काही नाही. ग्रॅच्युइटी तेवढी मिळते, तीही पाच वर्षं झाली असतील तर.

चेन्नईत २०१५ साली टीसीएसमधून काढलेला एक इंजिनियर कोर्टात गेला. तो मॅनेजर वर्गातला होता असं कंपनीचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये तिथल्या कामगार न्यायालयाने त्याला थकलेल्या पगारासह परत घ्यायला सांगितलं. सात वर्षं लागली. प्रत्येकाने असं लढावं असं मी म्हणत नाही, माझ्यातही तेवढा दम नाही. पण सही करण्याआधी वाचायला सात वर्षं लागत नाहीत.

आणि हे करंजाडेत बसून सुचावं यात नवल नाही. आमची बिल्डिंग साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभी आहे. फ्लॅट घेताना ब्रोकरने सांगितलं होतं, मला तेव्हा ते नुसतं एक कागदपत्र वाटलं. नंतर कळलं की नवी मुंबईसाठी इथल्या पंच्याण्णव गावांची जमीन घेतली गेली, ठरेल तो मोबदला घ्या म्हणून सांगितलं गेलं. ते लोक दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. शेतकरी होते, इंग्रजी पीडीएफ वाचणारे नव्हते. पण समोर ठेवलेल्या कागदावर मान खाली घालून अंगठा उठवायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं. माझं दुःख त्यांच्या दुःखाच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मान्य. पण ज्यांच्या न वाकण्यामुळे माझ्या डोक्यावर छप्पर आहे, त्यांच्याकडून एवढं तरी शिकायला हरकत नाही.

असो. तर सोमवारचं माझं ठरलंय. पहिल्या रकान्यातलं सगळं लेखी मान्य करणार, आणि त्या बॅच जॉबच्या टेस्ट पहिल्या आठवड्यातच लिहून देणार. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक शब्दासाठी मोजता येईल असा निकष मागणार, तोही ईमेलवर. दर मीटिंगनंतर काय बोलणं झालं ते चार ओळींत लिहून पाठवणार. पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, जुनी रेटिंग्ज यांच्या प्रती घरी ठेवणार (कंपनीचा कोड नाही हं, तो गुन्हा आहे). रोज रात्री एक तास नवीन काहीतरी शिकणार आणि बाहेर इंटरव्ह्यूही देणार. आणि राजीनामा मागितला तर एकच म्हणणार, "घरी नेऊन वाचतो."

साठ दिवसांनी नोकरी असेल का? प्रामाणिकपणे सांगायचं तर निम्मी-निम्मी शक्यता आहे. पण गेली तर का गेली हे मला नीट माहीत असेल, आणि पुढच्या ठिकाणी तो बॅच जॉब दोनदा चालणार नाही, एवढं नक्की.

टँकर गेला वाटतं. सेक्रेटरींचा आवाज बंद झालाय. डोक्यावरून विमान गेलं. डिसेंबरपासून ह्या आवाजाची सवय करून घेतोय. बायको आतून विचारतेय, टाकी भरली का बघ. बघतो. ते काम तरी आज नीट करतो.