तळगडाच्या माथ्यावरून
मुंबई-गोवा महामार्ग इंदापूरला सोडून तळ्याकडे वळणाऱ्याला तळगड प्रथमदर्शनी किरकोळच वाटतो. उंची सुमारे हजार फूट. राजगड-रायगडाच्या पंक्तीत त्याचे नाव क्वचितच निघते. गावामागची झाडीतली वाट चढून कातळी धारेवर आले की हा समज टिकत नाही. माथा अरुंद व लांबट. समोर घोसाळगड आणि दूर मांदाडपर्यंत आत शिरलेली राजपुरीची खाडी.

गडाचे प्रयोजन ही खाडीच. जंजिऱ्याच्या सिद्दीचा वावर याच पाण्यावर, म्हणून शिवकाळात येथे जागता पहारा हवा होता. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी प्रॉथर याने गड घेतला आणि पहाऱ्याचे काम संपले.

खाडीची कथा मात्र गडाहून कितीतरी जुनी. तिच्या काठच्या कुडे येथील २६ बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत दात्यांची नोंद आहे. त्यांत महाभोज घराण्यातील स्त्रीपुरुष आहेत, तसेच एक वैद्य, एक लोखंडाचा व्यापारी, एवढेच नव्हे तर एक माळीही! फुले विकणाऱ्यालाही दानधर्म परवडावा इतकी बरकत या आडबाजूच्या पाण्याने दिली होती, हे माथ्यावर उभे राहिल्यावर अधिक पटते.

गडावर कातळात खोदलेल्या टाक्यांची रांग आहे. तरी पिण्याचे पाणी खालूनच न्यावे. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो. लहान मुले बरोबर असल्यास दिवाळीनंतरचे दिवस बरे. सकाळी गड चढल्यास दुपारी कुडे निवांत पाहता येते.